‘पण हे गव्हर्न्मेंटचं आहे ना?’

बारावीनंतरच्या कॅप राउंडनं आपल्या घरांना एक सवय लावून ठेवली आहे. ऑप्शन फॉर्ममध्ये सगळ्यात वर व्हीजेटीआय, सीओईपी. मग अनुदानित कॉलेजं. आणि तळाला, नाइलाजानं, खासगी. सरकारी म्हणजे कमी फी आणि नाव, खासगी म्हणजे मॅनेजमेंट कोटा आणि वडिलांचा पीएफ. हाच हिशेब घेऊन मिरा रोड-भाईंदरचे पालक परदेशी विद्यापीठांच्या यादीकडे बघतात. मुलगा किंवा मुलगी अभ्यासक्रमाबद्दल बोलत असते आणि आई मध्येच विचारते, “सर, पण हे गव्हर्न्मेंटचं आहे ना?” काळजी रास्त आहे. फक्त देश बदलला की या प्रश्नाचं वजन बदलतं.

जर्मनीत तो अगदी मोक्याचा प्रश्न आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. दर सेमिस्टरला काहीशे युरोंची वर्गणी भरली की झालं. तरी ‘जर्मनी फुकट’ हे वाक्य सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो फी लावली, आणि हे विद्यापीठ पक्कं सरकारी आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच टाकून दाखवावे लागतात. म्हणजे साधारण १२ लाख रुपये, एकरकमी.

आता एजंटचा भाग. जर्मन सरकारी विद्यापीठं सहसा एजंटला कमिशन देत नाहीत, अनेक खासगी संस्था देतात. त्यामुळे ‘फ्री काउन्सेलिंग’वाल्या ऑफिसात जी यादी पुढे सरकवली जाते, तिच्यात खासगी नावंच का भरलेली असतात हे वेगळं सांगायला नको. खासगी असणं हा काही गुन्हा नव्हे; पण त्या संस्थेला तिथल्या राज्याची मान्यता हवी. घरी बसून पाहता येतं. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेची ‘होखशूलकॉम्पास’ ही साइट उघडा, संस्थेचं नाव टाका, ती सरकारी किंवा राज्यमान्य म्हणून नोंदलेली आहे का बघा. साइट इंग्रजीतही आहे. चहा निवेपर्यंत काम होतं, आणि एजंटचं ब्रोशर बाजूला ठेवायचं की नाही तेही कळतं.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र आपला कॅप राउंडचा हिशेब कोलमडतो. मिशिगन किंवा बर्कली ही सरकारी विद्यापीठं. त्यांची सवलतीची फी त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी. आपली मुलं ‘बाहेरची’, म्हणून पदवीसाठी त्यांना त्याच वर्गात कितीतरी पट भरावं लागतं. हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन खासगी. पण पदवीच्या प्रवेशात तिथे परदेशी मुलांचीही घरची ऐपत न बघता निवड होते आणि गरजेप्रमाणे मदत मिळते. प्रवेश मिळणं महाकठीण, हे आहेच. ब्रिटनमध्ये तर जवळजवळ सगळीच विद्यापीठं सार्वजनिक धरली जातात, तरीही आपल्याला फी परदेशी दरानंच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं शिक्षण या नजरेनं पाहण्यासारखं आहे. १९१३ मध्ये ते गेले ते कोलंबियाला, म्हणजे खासगी विद्यापीठात. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि काही काळ जर्मनीतलं सरकारी बॉन विद्यापीठ. त्यांचं शिक्षण अडलं ते संस्थेच्या प्रकारामुळे नव्हे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज, असं जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. आज राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसाठीही विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात; ते सरकारी की खासगी, हे नाही.

कॅनडाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. तिथे काही वर्षं एक प्रकार जोरात होता: प्रमाणपत्र सरकारी कॉलेजचं, वर्ग मात्र करारानं खासगी संस्थेत. १५ मे २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांचा शिक्षणानंतरच्या वर्क परमिटचा हक्क काढून घेतला गेला. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये क्यूबेकमधली तीन खासगी कॉलेजं एकाएकी बंद पडली आणि आपल्याकडची शेकडो मुलं फी भरून अधांतरी राहिली. म्हणून ऑफर लेटरवर कॉलेजच्या नावाइतकाच कॅम्पसचा पत्ता वाचा.

एमबीबीएससाठी जाणाऱ्यांनी सरकारी-खासगीचा वाद बाजूलाच ठेवावा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम पाहावेत: किमान ५४ महिन्यांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता. यातलं एक जरी हुकलं तरी सरकारी शिक्का इथे कामाला येत नाही.

राहता राहिलं कर्ज, आणि इथे आपल्या शहराची एक खास अडचण आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहता फ्लॅट. मिरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आली, २००२ मध्ये महापालिका. त्यामुळे त्याआधीच्या जुन्या इमारतींपैकी कितीतरींना ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, कुठे सोसायटीच्या नावे जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही. घर तुमचं, हप्ते फिटलेले, तरी बँकेचा वकील फाइल परत पाठवतो. काही बँका मात्र आपल्या निवडक विद्यापीठांच्या यादीतल्या संस्थेसाठी तारणाशिवाय मोठं कर्ज देतात, आणि त्या याद्यांत सरकारी-खासगी दोन्ही असतात. म्हणून अर्ज पाठवण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ओसीची प्रत मागा आणि बँकेत जाऊन ती यादी बघून या. ओसी नसेल तर कुठे अर्ज करायचा हे त्या यादीवरून ठरवावं लागेल.