हिमप्रदेशातील हेमंतचर्या : अंगारताप आणि वायुवीजन

आपल्याकडील हेमंत सौम्य असल्यामुळे ग्रंथोक्त ऋतुचर्येतील काही विधींचे प्रयोजन आपल्या सहज ध्यानी येत नाही. म्हणून येथे आपण हिमाचल प्रदेशातील केलाँग या गावाचे उदाहरण घेऊ. लाहौल खोऱ्यातील हे गाव सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की खोऱ्याचा रस्ता कित्येक महिने तुटत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाले व भर हिवाळ्यातही तेथे जाणे शक्य झाले. त्यामुळे अशा प्रवासापूर्वी रुग्णास काय सांगावे, हा प्रश्न आपल्याही चिकित्सालयात येतो.

शास्त्राधार : चरकाचार्यांच्या मते हेमंतात शीत वायूच्या स्पर्शाने ऊष्मा आत कोंडला जातो व अग्नी बलवान होतो. त्यास योग्य आहार न मिळाल्यास तो शरीरातील रसाचे शोषण करतो व वात प्रकुपित होतो. म्हणून स्निग्ध व गुरू आहार, अभ्यंग आणि उष्ण निवास सांगितला आहे. वाग्भटाचार्यांनी तर निखाऱ्यांनी तापविलेल्या गर्भगृहाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. लाहौलमधील सातूचे पीठ, लोणी, गरम थुक्पा आणि तंदूर म्हणजे लोखंडी शेगडीभोवतीचा हिवाळी संसार ही त्याच तत्त्वाची लोकरूपे होत.

देशविचार : नवागताची भूक मात्र उंचीवर पुष्कळदा मंदावते. अशा वेळी केवळ ऋतू पाहून गुरू आहार देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस लघु, उष्ण व द्रव आहार द्यावा.

सावधानता : तंदुराचा धूर नळीवाटे बाहेर जातो. उघड्या शेगडीस ती सोय नसते आणि बर्फाने नळीचे तोंड बुजल्यास तंदूरही घातक ठरतो. कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक बळाने बद्ध होतो. त्यात या उंचीवर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो.

शिरःशूल, भ्रम, हृल्लास व दौर्बल्य ही लक्षणे या विषबाधेत आणि उंचीच्या विकारात समान दिसतात. एकाच खोलीतील अनेकांना ती एकदम उद्भवली किंवा मोकळ्या हवेत त्यांना उतार पडला, तर प्रथम विषबाधेचीच शंका घ्यावी. रुग्णास तत्काळ बाहेर काढावे व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. बाहेर आल्यावर बरे वाटले तरी तपासणी टाळू नये. येथे काढा अथवा चूर्ण देण्यात वेळ दवडू नये.

सारांश, हिमप्रदेशी जाणाऱ्यास अंगारताप सांगताना धुराच्या निर्गमनाचा मार्गही सांगावा. नळीचे तोंड रोज साफ करावे, खिडकीस फट ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर न्यावी. रात्रीच्या उष्णतेसाठी लोकरी पांघरुणे वापरावीत.