गल्ल्यावरील मनुष्य आणि यंत्र

दुकानांत जाऊन जिन्नस आणण्याचें काम तुम्हांपैकीं प्रत्येकानें केलेलें आहे. परंतु त्या कामाचे दोन निरनिराळे भाग असतात, इकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. पहिला भाग जिन्नस निवडून घेण्याचा, आणि दुसरा हिशेब करून पैसे देण्याघेण्याचा. डहाणू, कासा, तलासरी येथील बाजारांतल्या जुन्या धाटणीच्या दुकानीं हे दोन्ही भाग दुकानदारच पार पाडतो. गिऱ्हाईक बाहेर उभें राहून मागतें. तो तोलतो, पुडी बांधतो, तोंडीं हिशेब सांगतो आणि पैसे गल्ल्यांत टाकतो. पाश्चात्य देशांत मात्र गेल्या शंभर वर्षांत हे दोन्ही भाग एकामागून एक गिऱ्हाइकाच्या अंगावर येऊन पडले. ही हकीगत मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा आपल्याशीं कांहीं संबंध नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं.

पहिला भाग १९१६ सालीं सुटला. अमेरिकेंतील मेंफिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स नामक गृहस्थानें पिग्ली विग्ली या चमत्कारिक नांवाचें दुकान काढलें. गिऱ्हाइकानें टोपली घेऊन फळ्यांमधून हिंडावें, हवे ते जिन्नस स्वतः उचलावे, आणि बाहेर पडतांना गल्ल्यावरील मनुष्यास पैसे द्यावे, अशी तेथील योजना होती. पुढें ता. २६ जून १९७४ रोजीं ओहायो राज्यांतील ट्रॉय गांवीं च्युइंग गमचें एक पुडकें गल्ल्यावरील यंत्रापुढें धरण्यांत आलें, व यंत्रानें त्यावरील काळ्या रेघा वाचून किंमत आपली आपण लिहिली. याच रेघांस आपण बारकोड म्हणतों. किंमती पाठ असण्याची गरज त्या दिवसापासून ओसरूं लागली. जें काम करण्यास विशेष ज्ञान लागत नाहीं, तें गिऱ्हाइकाकडूनच कां करवूं नये, हा विचार मग कोणाच्या तरी मनांत येणें साहजिक होतें. तो डेव्हिड हंबल यांच्या मनांत आला, आणि १९८६ सालीं अटलांटा शहराजवळ क्रोगर कंपनीच्या दुकानांत त्यांचें यंत्र बसलें. आज त्यास सेल्फ-चेकआऊट म्हणतात. गिऱ्हाईक एकेक जिन्नस स्वतः यंत्रापुढें धरतें व पिशवींत भरतें. पिशवीखालच्या तागडीस वजनांत फरक आढळला कीं यंत्र अडून बसतें व देखरेखीच्या नोकरास हांक मारतें. असा एक नोकर चारसहा यंत्रें सहज सांभाळतो.

आतां गिऱ्हाइकांचें म्हणणें काय तें पाहूं. ज्यांस दोनच जिन्नस घ्यावयाचे असतात, गाडी गांठावयाची असते, अथवा ज्यांस कोणाशीं बोलणें नको असतें, त्यांस यंत्र आवडतें. हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. रांगेंत अर्धा तास घालविणें ही कांहीं संस्कृति नव्हे. उलट वृद्ध माणसें, लहान मूल कडेवर असलेली माता, सुटी भाजी घेणारें माणूस, यांस तें जाचक होतें. त्यांत आणखी एक गोष्ट आहे. यंत्रापुढें जिन्नस धरावयाचा चुकून राहिला, तर ती चूक आहे कीं चोरी, हें यंत्रास कळत नाहीं; मग कॅमेरे आले, पावती दाखविल्याशिवाय न उघडणारीं फाटकें आलीं, आणि प्रामाणिक मनुष्यासही आपल्यावर पाळत आहे असें वाटूं लागलें.

पण सर्वांत बोलका आक्षेप निराळाच आहे. "दुकानदाराच्या नोकराचें काम आम्हीं फुकट कां करावें?" असें तिकडील लोक विचारतात. हा प्रश्न तलासरी तालुक्यांतील मनुष्यास समजावून सांगावा लागत नाहीं. फुकट कामास आपल्याकडे वेठ म्हणत. वारल्यानें आपलें शेत टाकून आधीं जमीनदाराच्या शेतावर राबावें, असा तो जुलूम होता. ता. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळील झरी येथें हजारों आदिवासी जमले. वेठ करावयाची नाहीं, आणि रोजास बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जावयाचें नाहीं, असें त्यांनीं तेथें ठरविलें. गोदावरीबाई व शामराव परुळेकर हे त्या चळवळीचे पुढारी होते. दुकानांतील यंत्रास वेठ म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, हें मी जाणतों. वेठ मारून घेतली जात असे. दुकानांत मनुष्य आपल्या पायांनीं जातो. तरी पण, श्रम कोणाचे आणि त्यांतून वांचलेला पैसा कोणाच्या पेटींत, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे. साँडर्सच्या दुकानांत वांचलेल्या मजुरीचा कांहीं भाग स्वस्ताईच्या रूपानें गिऱ्हाइकास मिळाला. यंत्रापुढें स्वतः काम करणारास मात्र निराळी सूट बहुधा कोणी देत नाहीं.

आपल्याकडे असें दुकान डहाणू-तलासरींत माझ्या पाहण्यांत नाहीं. मुंबईसारख्या शहरांतील कांहीं मोठ्या दुकानांत तें आलें आहे. पण त्याचीं भावंडें आपल्या दारीं केव्हांच येऊन ठेपलीं. डहाणू तालुक्यांतील चारोटीच्या टोल नाक्यावर पूर्वीं हात पुढें करून पैसे घेणारा मनुष्य असे. फेब्रुवारी १९२१ नव्हे, तर अगदीं कालपरवांच्या फेब्रुवारी २०२१ पासून देशांतील राष्ट्रीय महामार्गांच्या सर्व नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, व गाडीवरील चिठ्ठी वाचून यंत्र पैसे घेऊं लागलें. गाडीवाल्यांस तें सोयीचें वाटतें, आणि येथें माझेंही मत त्यांच्याच बाजूचें आहे. कारण ज्याच्याजवळ चार चाकें आहेत त्यास बहुधा अक्षरओळख असते.

रेल्वेची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. ता. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली, आणि पहांटे मासळी अथवा भाजी घेऊन निघणाऱ्या बायकांपासून कचेरींत जाणाऱ्या कारकुनांपर्यंत सर्वांची सोय झाली. उपनगरी स्थानकांवर तिकीट देणारीं यंत्रें उभीं आहेत. त्यांवर मराठी अक्षरें आहेत. पण अक्षरें मराठी असलीं तरी तीं वाचतां यावीं लागतात. म्हणून रेल्वेनें या यंत्रांपाशीं मदतनीस नेमण्याची तोड काढली. त्यांत निवृत्त रेल्वे नोकर पुष्कळ असतात. उतारूनें स्थानकाचें नांव सांगावें, पैसे हातांत द्यावे, मदतनीसानें कळा दाबून तिकीट काढून द्यावें. पाहा, खिडकीच्या आंत बसून जें काम कारकून करीत असे, तेंच काम हा मनुष्य खिडकीच्या बाहेर उभा राहून करतो! भेद इतकाच कीं, कारकुनास पगार असतो आणि यास तिकिटांमागें अल्पसें कमिशन. यंत्रानें येथें मनुष्य नाहींसा केला नाहीं. त्याचा पगार तेवढा नाहींसा केला.

याच्या उलट प्रकार रेशनच्या दुकानीं दिसतो. तेथें दुकानदार जागच्या जागीं आहे, तो कार्डवाल्यास नांवानें ओळखतो, त्याचा बापही त्यास ठाऊक असतो. परंतु यंत्रावर अंगठा जुळल्याशिवाय त्यास धान्य देतां येत नाहीं. वीटभट्टीवर अथवा गवत कापण्यांत ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र पुष्कळदां मानीत नाहीं. मोबाईलवर आंकडे मागवावे, तर डोंगराकडील पाड्यांत मोबाईलचा संपर्क नेहमीं मिळतोच असें नाहीं. सावकाराच्या कागदावर न वाचतां अंगठा उठविणाऱ्या आजोबाचा नातू आज आपलाच अंगठा उठेना म्हणून रिकामी पिशवी घेऊन उभा राहतो. अंत्योदय कार्डाचें पस्तीस किलो धान्य म्हणजे त्या घरचा महिना असतो. या यंत्रामुळें खोट्या नांवांवर धान्य उचलणें कठीण झालें, हेंही सांगितलें पाहिजे. पण जो मनुष्य समोर आहे त्याच्या हातीं चूक दुरुस्त करण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्या तेथें असण्याचा उपयोग काय?

तिकडील कांहीं दुकानदारांस हें उमजूं लागलें आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील बूथ्स या दुकानदारांनीं नोव्हेंबर २०२३ मध्यें दोन दुकानें वगळून बाकी सर्व ठिकाणचीं यंत्रें काढण्याचें जाहीर केलें, व गल्ल्यावर पुन्हा माणसें बसविलीं. हॉलंडांतील युम्बो कंपनीनें १९ सालीं, म्हणजे २०१९ मध्यें, त्याहून नवल केलें. ज्यांस घाई नाहीं व दोन शब्द बोलावयाचे आहेत, त्यांच्यासाठीं तिनें एक निराळा सावकाश गल्ला काढला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची तेथें सोय झाली, आणि पुढें असे गल्ले आणखी दुकानांत उघडण्यांत आले. यंत्रेंही त्याच दुकानांत राहिलीं. ज्यास जें हवें त्यानें तें घ्यावें, ही तऱ्हा मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

तुमच्यापैकीं कित्येकांचा या प्रश्नाशीं आणखीही एक संबंध येणार आहे. दहावी-बारावी झाल्यावर बोईसर, उंबरगांव, वापी येथील दुकानांत गल्ल्यावर बसणें हें आपल्या मुलामुलींना मिळणाऱ्या पहिल्या सावलींतल्या कामांपैकीं एक आहे. आमची एक माजी विद्यार्थिनी अशा एका दुकानांत आहे. आईबापांनीं जन्मभर उन्हांत मजुरी केली. ती पंख्याखालीं बसून हिशेब करते. मराठी, गुजराती व हिंदी ती सारख्याच सफाईनें बोलते, आणि पाड्यांवरून आलेलीं माणसें रांग लांब असली तरी तिच्याच रांगेंत उभीं राहतात, कारण ती त्यांच्याशीं वारली बोलींत बोलते आणि पावतींत काय लिहिलें आहे तें वाचून दाखविते.