नांगर विकणारे मास्तर

बाळकुम पूर्वी ठाण्याजवळचे खेडे होते. आता ते ठाणे महानगरपालिकेत आहे. आसपास कारखाने आले. यंत्रे विकण्याचे काम सुटाबुटातल्या माणसांचे, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईला गेले. पण काही रंग नीट ओळखू येईनात. चित्रकला सुटली. मग ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले, तेच शिकवू लागले. पुढे मास्तरकी सोडून त्यांनी भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकली विकल्या. नंतर लोखंडी नांगर बनवले.

नांगर झाले, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. त्यांना हसून कसे चालेल? नांगर वाईट निघाला तर पैसा जातो, हंगामही जातो. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथले नांगर गावोगाव गेले.

यातून आपण काय घ्यावे? यंत्र विकणे म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. यंत्र कळावे लागते. घेणाऱ्याची भीती समजावी लागते. विकल्यावरही विचारावे लागते, "दादा, नीट चालतंय ना?" ज्याने स्वतः यंत्र हाताळले, त्याला हे लवकर जमते. मात्र पावती आणि हिशेब लिहिता आला पाहिजे. तो तर आपण शिकतोच आहोत!