एवढ्याशा धूमकेतूंवर आयुष्य काढायचं?

प्रश्न : ठळक धूमकेतू वर्षानुवर्षं दिसत नाही. मग त्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एरवी करतात तरी काय? त्यावर अख्खी कारकीर्द निघते?

उत्तर : निघते की! नुसत्या डोळ्यांना धूमकेतू दुर्मीळ. दुर्बिणींना दरवर्षी कितीतरी सापडतात. पण खरं काम शोधण्यापेक्षा हिशेबाचं असतं. अमेरिकेच्या फ्रेड व्हिपल (१९०६–२००४) यांचंच बघा. १९३१ साली ते हार्वर्डच्या वेधशाळेत लागले. आकाशाची छायाचित्रं घेतलेल्या काचा भिंगाखाली तपासायच्या, हे तसं कंटाळवाणं काम. त्यातून त्यांना सहा नवे धूमकेतू मिळाले.

नाव झालं ते मात्र एका जुन्या कोड्यामुळे. एन्केचा धूमकेतू सुमारे ३.३ वर्षांनी सूर्याला फेरी घालतो. पण एकोणिसाव्या शतकात तो दर फेरीला गणितापेक्षा दोन-अडीच तास आधीच हजर व्हायचा. उलट हॅलेचा उशीर करतो. धूमकेतू म्हणजे धूळ-वाळूचा सैल थवा, असं तेव्हा बरेच जण मानत. १९५० मध्ये व्हिपल म्हणाले, नाही, तो मळकट बर्फाचा घट्ट गोळा आहे, आणि स्वतःभोवती फिरतो. उन्हानं बर्फाची वाफ होते, पण जरा उशिरा, म्हणजे तिथली दुपार कलल्यावर. त्यामुळे वाफेचा झोत तिरका सुटतो आणि गोळ्याला उलटा धक्का देतो. गोळा कोणत्या दिशेनं फिरतो त्यावर त्याचा वेग वाढतो किंवा कमी होतो. गंमत अशी, की ज्याला मागे खेचलं जातं तोच लवकर येतो, कारण त्याची कक्षा आकसते. इतकं सोपं उत्तर!

पडताळा मिळायला १९८६ उजाडलं. युरोपचं ‘जोत्तो’ यान हॅलेपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. गोळा होता, सुमारे १५ किलोमीटर लांब, झोतांसकट. फक्त वरून कोळशाहून काळा. धुळीच्या माऱ्यापासून यानाला वाचवणारी दुपदरी ढालही व्हिपल यांच्याच १९४०च्या दशकातल्या कल्पनेवर बेतलेली होती. अवकाशस्थानकावर आजही तशाच ढाली आहेत.

याच हार्वर्डमध्ये शिकताना, १९४९ साली, आपले भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांनाही एक धूमकेतू सापडला. त्याला त्यांचं आणि दोन सहकाऱ्यांचं नाव आहे.

एन्केचा धूमकेतू फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा सूर्याजवळ येतोय. दुर्बीण हाताशी ठेवा.