रंग उतरतो, मीठ राहतं

प्रश्न : टॉवेल रंगवण्याच्या कारखान्यातलं सांडपाणी विजेने साफ होतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंग बऱ्यापैकी जातो. पाणी साफ होतं, असं मात्र म्हणता येत नाही.

टाकीत लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या करून डीसी वीज सोडतात. धन पट्टी झिजते, सुटलेल्या धातूचे हायड्रॉक्साइडचे पुंजके बनतात आणि रंग त्यांना चिकटतो. ऋण पट्टीवर उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे काही पुंजके वर आणतात, बाकीचे तळाशी बसतात. सुती टॉवेलच्या रिॲक्टिव्ह रंगांसाठी मीठ भरपूर घातलेलं असतंच. त्यामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि बिल आटोक्यात राहतं. पट्ट्यांवर थर चढला की काम मंदावतं, म्हणून अधूनमधून धन-ऋण टोकं उलटी करतात.

यंत्र विकणारे सहसा बोलत नाहीत ते असं, की हे मीठ पाण्यातच राहतं. तिरुप्पूरची नोय्यल नदी रंगकारखान्यांच्या खारट पाण्याने नासली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला लावले. तिथे मिठासाठी आरओ आणि बाष्पीभवन यंत्रं लागतात. ही खर्चिक बाजू विजेच्या टाकीने टळत नाही.

शिवाय गाळ उरतोच. तो घातक कचऱ्यात धरतात. नाल्यात लोटून चालत नाही. यंत्र घेण्याआधी आपल्याच पाण्याचा नमुना देऊन चाचणी करावी आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आधी-नंतर मोजून घ्यावा.