हरलेल्या संघाचा मोसम
(महाराष्ट्र क्रिकेट संघ, १९४८-४९ : एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

१९४८-४९ सालची रणजी करंडक स्पर्धा कोणी जिंकली, असे कोणी विचारले तर उत्तर एका ओळीत देता येते : मुंबईने, अंतिम सामन्यात बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव करून. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे 'मुंबई' एवढेच नाव आहे आणि महाराष्ट्र संघ त्या यादीत कोठेच नाही. तरीही त्या मोसमातील महाराष्ट्र संघाचे दोन सामने आजही जगाच्या क्रिकेटच्या नोंदींत आहेत. पहिला त्याने जिंकला, दुसरा तो हरला. या दोन सामन्यांचे धावफलक शेजारी शेजारी ठेवून वाचले असता हरण्याविषयी काय शिकता येते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम संघाविषयी थोडेसे. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. परंतु 'महाराष्ट्र' या नावाचा क्रिकेट संघ १९३४-३५ साली रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून खेळत आला आहे. मुंबई शहराचा संघ निराळा, विदर्भाचाही निराळा. पुण्यास केंद्र धरून पश्चिम महाराष्ट्रातील खेळाडू महाराष्ट्र संघात येत. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. देवधर हे महाविद्यालयात संस्कृत शिकवीत, ही गोष्ट आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या मोसमांत महाराष्ट्राने अंतिम सामना गाठला; करंडक मात्र अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटक यांनी नेला.

ज्या मोसमाचा आपण विचार करीत आहोत तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. मार्च १९४८ मध्ये आपले जत संस्थान दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही विलीन झाले. त्याच १९४९ साली आपला तालुका ज्यात होता तो दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. त्यालाच १९६० साली सांगली हे नाव मिळाले. जुन्या सीमा पुसल्या जात होत्या आणि नव्या आखल्या जात होत्या. क्रिकेटचे संघ मात्र जुनीच नावे घेऊन मैदानात उतरत होते.

पहिला सामना : काठेवाडशी

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा भरते ते रणजितसिंहजी काठेवाडातीलच नवानगरचे. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने चार गडी गमावून ८२६ धावा केल्या. त्यांत कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ आणि कमल भांडारकर यांच्या २०५ धावा होत्या. दुसऱ्या गड्यासाठी या दोघांनी ४५५ धावांची भागीदारी केली.

धावफलक हा मोठा अबोल गृहस्थ आहे. त्याच्याकडून गोष्ट काढून घ्यायची तर थोडे गणित करावे लागते. निंबाळकरांनी ४९ चौकार आणि १ षटकार मारला, म्हणजे चेंडू सीमेपार धाडून २०२ धावा झाल्या. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. खेळपट्टीची लांबी ध्यानात घेतली तर स्वतःच्या धावांसाठीच ते चार किलोमीटरांहून अधिक अंतर पायांत पॅड बांधून धावले. जोडीदाराच्या धावा वेगळ्याच. हे सारे ४९४ मिनिटांत, म्हणजे सव्वाआठ तासांत. आणखी एक वजाबाकी करून पाहा. ८२६ मधून या दोघांच्या ६४८ धावा काढल्या तर बाकीचे फलंदाज आणि अवांतर मिळून १७८ उरतात. काठेवाडचा अख्खा संघ २३८ धावांत बाद झाला होता, हे पाहिले म्हणजे दोन माणसांनी काय केले ते कळते.

त्या वेळी जगात प्रथम श्रेणीच्या सामन्यातील सर्वोच्च धावसंख्या डॉन ब्रॅडमनच्या नावावर होती : नाबाद ४५२, जानेवारी १९३० मध्ये सिडनीला केलेली. निंबाळकरांना तो विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या. परंतु खेळ सुट्टीसाठी थांबला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी जोडले जावे हे त्यांना रुचले नाही. त्यांनी सामना सोडला, महाराष्ट्र विजयी ठरला आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते कायमचेच. पुढे १९५९ साली पाकिस्तानच्या हनीफ महंमदने ४९९ आणि १९९४ साली वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने इंग्लंडमध्ये नाबाद ५०१ धावा केल्या. तरी रणजी स्पर्धेतील सर्वोच्च धावसंख्या म्हणून ४४३ हा आकडा आजही अबाधित आहे.

हेच निंबाळकर भारताकडून एकही कसोटी सामना खेळले नाहीत. कसोटी न खेळलेल्या फलंदाजांमध्ये एवढी धावसंख्या जगात दुसऱ्या कोणाचीही नाही. येथे इंग्लंडमधील एक उदाहरण आठवते. तिकडे फुटबॉलचे संघ वरच्या व खालच्या श्रेणींत विभागलेले असतात, आणि मोसमाअखेरच्या स्थानाप्रमाणे संघ वर चढतो किंवा खाली उतरतो. १९४७ साली टॉमी लॉटन हा नामवंत खेळाडू चेल्सीहून तिसऱ्या श्रेणीतील नॉट्स काउंटी या संघाकडे गेला. वीस हजार पौंडांचा तो सौदा त्या देशात त्या वेळी विक्रमी होता. तिसऱ्या श्रेणीत खेळत असतानाही लॉटन इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला, आणि १९५० साली नॉट्स काउंटी आपल्या गटात पहिला येऊन दुसऱ्या श्रेणीत चढला. खालच्या पायरीवर उभा असलेला माणूस तिथे आधीच ठाऊक झालेला होता म्हणून दिसला. निंबाळकरांच्या बाबतीत ४४३ चा आकडाही त्यांना कसोटीपर्यंत नेऊ शकला नाही.

दुसरा सामना : मुंबईशी

तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यासच उपांत्य सामना झाला. समोर मुंबई. सामना सात दिवस चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ धावा करून उत्तर दिले. मुंबई २४४ धावांनी पुढे होती. तरी तिने पुन्हा फलंदाजी केली आणि आठ गडी बाद ७१४ धावांवर डाव घोषित केला. महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे लक्ष्य उभे राहिले.

वाचकहो, हा आकडा एकदा सावकाश वाचा. चौथ्या डावात ९५९ धावा करून आजवर कोणी सामना जिंकलेला नाही. मुंबईकडून माधव मंत्री यांनी २०० धावा केल्या होत्या. उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली होती. यांपैकी फडकर हे मूळचे कोल्हापूरचेच. म्हणजे एकाच मोसमात आपल्या शेजारच्या गावचा एक खेळाडू महाराष्ट्राचे नाव वर नेत होता आणि दुसरा महाराष्ट्राच्या गोलंदाजांना झोडपून काढत होता.

एवढ्या ओझ्याखाली महाराष्ट्राने काय केले? त्याने ६०४ धावा केल्या. मधू रेगे यांनी पहिल्या डावातील १३३ नंतर दुसऱ्या डावातही शतक पुरे केले. वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रासला खेळलेली त्यांची एकमेव कसोटीही याच मोसमातली. शरद देवधर आणि म. चि. दातार यांचीही शतके महाराष्ट्राच्या बाजूला लागली. सामना महाराष्ट्राने ३५४ धावांनी गमावला. परंतु प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये चौथ्या डावात याहून अधिक धावा फक्त एकदाच झाल्या आहेत : १९३९ साली दरबानला इंग्लंडने केलेल्या ५ बाद ६५४. तो सामनाही अनिर्णित राहिला. म्हणजे चौथ्या डावात ६०४ धावा करून हरलेला संघ जगात हा एकच.

दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या आणि नऊ शतके लागली. एका सामन्यातील एकूण धावांचा हा जागतिक विक्रम आहे. येथे अभ्यासकाने भारावून जाता कामा नये. ३८ गडी बाद झाले, म्हणजे एका गड्यामागे बासष्टहून अधिक धावा पडल्या. यावरून खेळपट्टी फलंदाजांच्या किती बाजूची होती आणि गोलंदाजांची काय दशा झाली असेल हे उघड दिसते. तेव्हा ६०४ चे मोल केवळ आकड्यात मोजता येत नाही. ते मोल यात आहे की निकाल ठरल्यासारखा दिसत असतानाही अकरा जणांनी शेवटचा गडी पडेपर्यंत फलंदाजी केली.

दोन पराभव

आता दोन्ही धावफलक शेजारी ठेवू. डिसेंबरमध्ये काठेवाड हरला, मार्चमध्ये महाराष्ट्र हरला. काठेवाडच्या कर्णधाराने नाव वाचवण्यासाठी मैदान सोडले; आणि गंमत अशी की त्यामुळेच त्या संघाचे नाव ४४३ या आकड्याला कायमचे चिकटले. आणखी दहा धावा झाल्या असत्या तर काठेवाडचे गोलंदाज एका मोठ्या विक्रमाचे साक्षीदार म्हणून ओळखले गेले असते. महाराष्ट्राने उलट केले. तो पूर्ण खेळला, पूर्ण हरला, आणि त्याचा पराभवच नोंदीत मानाच्या जागी गेला.

हा विचार मला खेळापुरता वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या गावात निकालाच्या दिवशी एकच प्रश्न विचारतात : पास की नापास? मधले कोणी विचारत नाही. दहावीला गणितात गेला म्हणून पुन्हा न बसलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. 'आता आणखी हसे कशाला?' असे म्हणून ती घरी बसली. मात्र येथे एक भेद केलाच पाहिजे. दुष्काळी वर्षात आईबापांबरोबर ऊसतोडीला जावे लागले म्हणून ज्याची शाळा सुटली, त्याने मैदान सोडले असे म्हणता येणार नाही. त्याला खेळू दिले गेले नाही. निंबाळकरांना दिले गेले नाही, तसेच. त्याच्या नावापुढे 'बाद' लिहिणे अन्याय आहे. 'नाबाद' हेच खरे, आणि त्याचा डाव पुन्हा सुरू करून देणे हे समाजाचे काम आहे. पण ज्याच्या हातात बॅट आहे, ज्याला वर्गात बसायला मिळाले आहे, त्याने समोर ९५९ चा डोंगर दिसला म्हणून तंबूत परतू नये.

आपल्या तालुक्याच्या वाट्याला पहिला क्रमांक क्वचित येतो, पाऊस तर त्याहून क्वचित. म्हणून आपण विजेत्यांच्या याद्या जरूर पाठ कराव्यात, पण धावफलकही वाचायला शिकावे. यादी फक्त कोण जिंकले ते सांगते. हरणारा कसा खेळला, हे धावफलकात असते.