शेवटचा मुक्काम हॅवलॉकला नको

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब अंदमानला जाणार आहोत. परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळच्या बोटीने हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला आलो तर चालेल का? – एक वाचक, मुरबाड

उत्तर : कागदावर जमते, पण तसे करू नका. हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) ते पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) हे अंतर खासगी वेगवान बोट दोनेक तासांत कापते, हे खरे. मात्र समुद्र खवळून बोटी थांबल्या, की तिकीट हातात असूनही माणूस धक्क्यावरच. मुरबाडला दिवाळीत भातकापणी चालू असते, म्हणून तिकडेही पावसाळा संपला असे समजू नका. अंदमानात नैर्ऋत्येचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा सुरू होतो, आणि बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगामही हाच. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. त्यांच्यासाठी नौदलाची जहाजे धाडावी लागली.

अशी वादळे काही रोज येत नाहीत, मग एक रात्र वाया का घालवायची, असे तुम्ही म्हणाल. ती वाया जातच नाही. सेल्युलर जेल आणि रॉस बेट पोर्ट ब्लेअरलाच आहेत. पोहोचल्या दिवशी थकल्या अंगाने ते उरकण्यापेक्षा शेवटी निवांत पाहा, हॅवलॉक आणि नील आधी करा. मुक्काम तेवढेच, फक्त क्रम बदलतो. सरकारी बोट स्वस्त पडते, पण बेटांवरच्या रहिवाशांची ने-आण हे तिचे पहिले काम. ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नका. बोट रद्द झाली तर बोटीचे भाडे परत मिळेल, चुकलेल्या विमानाचे नाही.